रिकामा ठोका

पंधरा लोकांनी सह्या करून माह्या विरुद्ध अर्ज दिला, आन तो कायच्यापायी, त एका फुटक्या ब्रेकड्रमपायी.

मी देवाजी दुर्गे. वीजघरात फिटर, कॉलनीतल्या क्वार्टरात राहतो. लोखंड तापवून ठोकायचा मले शौक आहे. धंदा नाई, शौक. कोणी कबुतरं पाळते, कोणी पत्ते कुटते, मी लोखंड कुटतो. पयले एक छिन्नी केली. मंग सांडस केली, कारण तापलेलं लोखंड धरायले विकतची सांडस माह्या हातात बसतच नव्हती. सांडस झाली तवा वाटलं, आता भट्टीच बांधून टाकू. भंगारातून ट्रकचा ब्रेकड्रम आणला, त्याच्या बुडाले पाइप जोडला, पाइपाच्या तोंडाशी हातानं फिरवायचा पंखा बसवला. ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा बाभळीच्या ओंडक्यावर ठोकला. एवढं सगळं क्वार्टरच्या मागं, माह्या एकट्याच्या हातचं. शेजारचा कारकून भिंतीवरून म्हणे, "दुर्गे, नोकरी सोडून लोहार झाले का?" मी म्हटलं, "तुमी रोज पत्ते खेळता, तुमी जुगारी झाले का?" तवापासून त्यानं बोलणं सोडलं, आन अर्जावर पयली सही त्याचीच होती.

आठ दिवसांत भट्टी हटवा, असा कागद आला. मी हटवली. मोहर्लीच्या रस्त्यावर आमचं गाव आहे, तिथी नेऊन मायच्या घरामागं सांदवाडीत बसवली. दर आयतवारी सकाळच्या बसनं गावाले जायचं, दिवसभर ठोकायचं, सांजच्याले परत. हे सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीनंतरचं सांगून राह्यलो.

आता खरं सांगतो. मी शौक शौक म्हणतो, पन त्या शौकाच्या बुडाशी राग आहे, आन तो लहानपणचा आहे.

आमच्या गावात इस्तारी लोहार होता. सगळ्या गावाची कुऱ्हाड, विळा, फाळ त्याच्याच भट्टीत जाय. आमच्या वस्तीची अवजारं सगळ्यात शेवटी. तोपर्यंत आमी सपराच्या बाहेर उन्हात. अवजार झालं की इस्तारी ते आमच्या पुढं जमिनीवर ठेवे, हातात कधीच नाई. पाटील आला की दांडा पुढं करून त्याच्या हातात दे, हे मी माह्या डोळ्यानं पायलं आहे. छप्पन साली माह्या बापानं नागपूरले जाऊन धम्म घेतला. देव सोडले, देव्हारा सोडला, पन कुऱ्हाडीले धार लावायले लोहाराचं दार काई सुटलं नाई. बाप वारल्यावर माय जाय. दहा वरसांचा मी तिचा पदर धरून उभा राहो. इस्तारी कुऱ्हाड मातीत ठेवे. माय वाके, उचले, पदरानं माती पुसे आन चालायले लागे. मले तिचं ते पुसणं सहन होत नसे. मी मोठेपणी कितीदा म्हटलं, चंद्रपुरातून विकतची कुऱ्हाड आणून देतो. ती म्हणे, बजारातल्या कुऱ्हाडीनं धावड्याचं कडक लाकूड फुटत नाई.

तवा मी एकच धरून बसलो होतो. मायच्या हातात कुऱ्हाड हातातून गेली पाह्यजे. जमिनीवरून नाई.

इस्तारी दोन वरसांपयले वारला. त्याचं सपर बंद पडलं. त्याची बायको गिरजा मागं राह्यली, पंचावन्नची असन, उंच, हाडापेरानं मजबूत. लोहाराच्या घरी बाई घन मारते. नवरा एका हातात सांडस, एका हातात बारकी हातोडी धरून बसते, आन बाई समोर उभी राहून मोठा घन उचलते. गिरजानं तीस वरसं इस्तारीसमोर घन मारला. आता ती दुसऱ्याच्या वावरात निंदणाले जाय.

माह्या भट्टीचा तिसरा आयतवार असन. ती आमच्या कुंपणाशी येऊन उभी राह्यली. राम राम नाई, काई नाई.

"देवाजी, ते रिकामी ऐरण वाजवणं बंद कर."

माह्यी एक सवय होती. लोखंडावर दोन ठोके मारले की एक ठोका रिकाम्या ऐरणीवर. हातोडी अशी उडते, रूळ असा घुमते की काम चालू आहे असं वाटते. वर्कशॉपमध्ये मी लोकाइले तसंच करताना पायलं होतं. मी म्हटलं, "काऊन बंद करू?"

"मी सांगून राह्यली म्हणून."

"तुमचं सांगणं आयकायचे दिवस गेले, बाई."

"बंद कर म्हणलं ना," ती म्हणाली आन चालली गेली.

माह्यी सटकली. मले वाटलं, झालं, आमी लोखंडाले हात लावला त या लोहारायच्या पोटात दुखते. नवरा मेला, भट्टी थंडी पडली, तरी आमच्या सांदवाडीतला आवाज यायले खपत नाई. मंग मी मुद्दाम वाजवायले लागलो. लोखंड भट्टीत तापत असलं तरी मी इकडं रिकामी ऐरण वाजवत बसे. गिरजा अजून दोनदा आली. दोन्ही वेळा तेच बोलली, दोन्ही वेळा मी तिच्या तोंडावर वाजवलं. मंग ती सरपंचाकडं गेली. सरपंच येऊन गुळमुळीत बोलला, "बुढीले त्रास होते म्हणे." मी त्याले म्हटलं, "गावात गिरणी भकभक करते तिचा त्रास होत नाई, लाउडस्पीकरचा होत नाई, एका देवाजीच्याच हातोडीचा होते का?" तो आला तसा चालला गेला.

पुढच्या आयतवारी मी कुऱ्हाड केली. ट्रकचा पोलादी कमानपाटा कापला, वीजघराजवळच्या टालातून आणलेला दगडी कोळसा भट्टीत भरला आन दिवसभर झटलो. कुऱ्हाड लाल केली आन बादलीतल्या थंड्या पाण्यात बुडवून ठेवली. मले वाटलं, जितकं कडक तितकं चांगलं. दांडा घातला आन मायच्या हातात दिली, माह्या हातानं. माय खूश झाली. तिनं धावड्याच्या खोडावर पयलाच घाव घातला, आन धारेचा बोटभर तुकडा तुटून तिच्या कानाजवळून गेला. कुंपणाच्या काटक्याइत जाऊन अडकला.

कुंपणाच्या पल्याड गिरजा डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन उभी होती. ती हासली नाई. हासली असती त बरं झालं असतं.

"डोळा गेला असता तुह्या मायचा," ती म्हणाली. "धारेले पाणी द्याचं समजत नाई आन ऐरण वाजवते."

त्या राती कॉलनीत मले झोप आली नाई. मी माह्या मायले अशी कुऱ्हाड दिली होती, जिनं तिचा जीव घेतला असता. ते खरं होतं, आन ते गिरजानं पायलं होतं, याचा मले जास्त राग येत होता. असा मी माणूस आहे.

आठ दिवसानं गावाले गेलो त सांदवाडीत गिरजा. सोबत तिचा घन. तिनं माह्या भट्टीतला सगळा दगडी कोळसा बाहेर उपसून ठेवला होता आन टोपलीभर लाकडाचा कोळसा आणला होता. माय पंख्याजवळ पाट टाकून बसली होती.

"इले कोणं बोलावलं?" मी मायले विचारलं.

"म्या बोलावलं."

"कायले?"

"मले कुऱ्हाड पाह्यजे," माय म्हणाली. "तुह्या रागानं सरपण फुटत नाई."

"मी एकटा करन."

"एकट्यानं केली ते पायली."

गिरजा माह्याकडं न पाह्यता बोलली, "दगडी कोळशात लोखंडाले लोखंड जुडत नाई. कुऱ्हाड सगळी पोलादाची करत नसतात. अंग नरम लोखंडाचं, त्याच्या ओठात पोलादाची पट्टी, तिचीच धार. ते जोडायले दोन माणसं लागतात. करायची असन त सांडस धर, नाई त मी चालली."

मी सांडस धरली. दात खाऊन धरली, पन धरली.

लोखंडाची पट्टी तापवून दुमडली, दांड्यासाठी नेढं काढलं. तिथपर्यंत ठीक. मंग दोन ओठांच्या मधात कमानपाट्याची पट्टी घातली, गिरजानं वरून जोडासाठी नदीची बारीक वाळू टाकली, मायनं पंखा फिरवला. लोखंड पांढरं झालं, त्याच्यातून ठिणग्या फुलायले लागल्या. "काढ," गिरजा म्हणाली. मी काढून ऐरणीवर ठेवलं. मी हातोडी मारली, तिनं घन मारला. मी मारली, तिनं मारला. आन सवयीनं माह्यी हातोडी एकदा रिकाम्या ऐरणीवर पडली.

घन वरच थांबला.

"मार ना," मी म्हटलं.

तिनं मारला. दोन ठोके झाले, माह्यी हातोडी पुन्हा रिकामी वाजली, घन पुन्हा थांबला. लोखंड पांढऱ्याचं लाल झालं, लालाचं काळं. जोड धरलाच नाई. पट्टी निसटून खाली पडली.

माह्या डोक्यात आग गेली. "तू मुद्दाम करून राह्यली. तुले आमचं होऊ द्यायचंच नाई. थांबली काऊन?"

"तूच थांब म्हणलं."

"मी तोंड तरी उघडलं का?"

"हातोडी बोलली ना." तिचा आवाज माह्याहून मोठा झाला. "लोहाराच्या भट्टीवर तोंड कोण वाजवते? बारकी हातोडी जिथी पडन तिथी घन पडते. हळू पडली त हळू, जोरानं पडली त जोरानं. आन रिकाम्या ऐरणीवर वाजली म्हणजे बस, घन थांबव. लोखंडात सांडस सरकली असन, हात मधात आला असन, काई असन, घन थांबलाच पाह्यजे. नाई थांबला त समोरच्याचा हात जाते. तीस वरसं इस्तारी माह्याशी असाच बोलला. घरात दोन शब्द कमीच बोले. इथी बोले."

मी हातातल्या हातोडीकडं पायलं.

"आन तू," ती म्हणाली, "दर आयतवारी तिथून बस, बस, बस करत राहतं. मी तांदूळ पाखडते त सूप थांबते. भाकर थापते त हात थांबते. मागल्या आयतवारी विहिरीवर दोर ओढत होती, भरली बादली हातातून सुटली. माह्या आंगाले समजत नाई तो इस्तारी नाई, तू आहे म्हणून."

मले हासू यावं का लाज वाटावी, काई समजेना. मी तिले चिडवायले वाजवत होतो, आन तिचे हात तिकडं घरात माह्या हातोडीचं आयकत होते.

"मंग पयलेच काऊन नाई सांगतलं?"

"तुले कायले सांगू आमचं?" ती म्हणाली.

हे तिचं उत्तर मी विसरलो नाई. तीनदा कुंपणाशी आली, सरपंचाकडं गेली, पन आपल्या भट्टीची एक गोष्ट आमाले सांगावं हे तिच्या जिभेवर आलं नाई. बादली विहिरीत जाऊ देईन ती, पन सांगणार नाई.

"आता लाव भट्टी," माय म्हणाली. "भांडण मंग करा."

पुन्हा तापवलं. पुन्हा वाळू, पुन्हा ठिणग्या. "काढ." या वेळी मी हातोडी कुठीच भटकू दिली नाई. जिथी मी दाखवलं तिथी घन पडला, बरोबर तिथीच, केसाचाही फरक नाई. मी जरा हळू केलं त ती हळू झाली. मी कड दाबायले तिरपी मारली त घन तिरपा आला. वीस ठोके झाले असतीन. त्या वीस ठोक्याइत आमी एकमेकाले एकही शब्द बोललो नाई, आन आयुष्यात कोणाशी एवढं नीट बोलणं माह्यं झालं नव्हतं. मले लय आनंद झाला. खोटं कायले बोलू. आन तो आनंद इस्तारीच्याच सपरातून आला होता, याचा तिथंच रागही आला. शेवटी मी हातोडी रिकाम्या ऐरणीवर एकदा वाजवली. या वेळी समजून. घन थांबला आन खाली टेकला. जोड कुठी आहे ते दिसतही नव्हतं.

पाणी तिनंच दिलं. धारच तेवढी पाण्यात बुडवली, बाहेर काढून दगडावर घासली आन बघत बसली. मागची गरमी हळूहळू धारेकडं आली, धार वाळल्या गवतावानी पिवळी झाली, आन निळी व्हायच्या आत तिनं सगळी कुऱ्हाड पाण्यात सोडली. मी ते डोळ्यात साठवून घेतलं. ती सांगत नसली तरी मले डोळे होते.

कुऱ्हाड थंडी झाली. गिरजानं ती उचलून अंगठा धारेवर आडवा फिरवला आन मान हालवली. माय पंखा सोडून उठली. दोन्ही हात पदराले पुसून पुढं आली आन हात पुढं केला.

आन गिरजा वाकली.

तिनं कोणाकडं पायलं नाई, विचारही केला नसन. सपरातून आमच्यासारख्याले अवजार द्यायची रीत तिच्या कमरेत बसली होती. ती मायच्या पुढं कुऱ्हाड जमिनीवर ठेवायले वाकली. आमच्याच सांदवाडीत, आमच्याच मातीवर.

हातोडी माह्या हातातच होती. मी ती रिकाम्या ऐरणीवर वाजवली. एकदा.

गिरजाचा हात थांबला. जमिनीच्या वर एक वीत. ती तशीच वाकलेली, कुऱ्हाड हातात, आन समोर मायचा हात तसाच पुढं. रूळ बराच वेळ घुमला.

वाकल्या वाकल्याच ती बोलली, "लोहार धार हातात देत नाई. कोणाच्याच. भांडण होते."

"पाटलाच्या हातात देत होता," मी म्हटलं. "दांडा पुढं करून देत होता. मी पायलं आहे. त्याचं आन पाटलाचं कधी भांडण झालं?"

तिनं मान वर केली. अशा नजरेनं मले आजपर्यंत कोणी पायलं नाई, अर्ज देणाऱ्यानंही नाई. "ते हातोडी कामासाठी आहे," ती म्हणाली. "माणसाले हाकायले नाई. मले बैल समजला का तू?"

मी काई बोलायच्या आत माय बोलली. ती हळूच बोलली.

"मी तीस साल तुह्या दारात वाकली, गिरजाबाई. तू समोर घन घेऊन उभी राहत होती. माह्यासाठी कोणी एकदा हातोडी वाजवली असती त बरं झालं असतं."

गिरजा सरळ झाली आन कुऱ्हाड मायच्या हातात दिली. नेढ्याकडून, धार स्वतःकडं धरून, जशी द्यायले पाह्यजे तशी. दोघींची बोटं एकमेकाले लागली. मी ते नीट पायलं. चाळीस वरसांचा झालो होतो मी, आन ते पाह्यासाठी मी ब्रेकड्रमपासून एवढा खटाटोप केला होता.

गिरजानं घन खांद्यावर टाकला. कुंपणाच्या फाटकाशी गेली, आन चालता चालता तिनं उजवा हात लुगड्याले पुसला. एकदा पालथा, एकदा सुलटा. मंग वळून न पाह्यता घराकडं गेली.

मी मायकडं पायलं. तिनंही पायलं होतं.

"हात काळा होता तिचा," माय म्हणाली. "कोळशाचा."

"सकाळपासून काळा होता," मी म्हटलं. "दिवसभरात एकदाही नाई पुसला."

माय पाटावर बसली. कुऱ्हाड मांडीवर घेतली. सवयीनं तिनं पदराचं टोक धरलं आन कुऱ्हाडीले लावलं, माती पुसायले. कुऱ्हाडीले माती नव्हती. तिनं एकदा खाली पायलं आन पदर सोडून दिला.